विन्सबर्टचा हॉर्न बसला त्या दिवशी

शुक्रवारी सकाळी बेटाच्या राजधानीत, सेंट जॉर्जेसच्या बसस्टँडवर, विन्सबर्टने आपल्या बसच्या हॉर्नवर तळहात दाबला आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. मग मूठ आपटली, कोपर टेकवलं, शेवटी कपाळ टेकवलं. हॉर्न गप्प.

दोष त्याचाच होता. गुरुवारी संध्याकाळभर हा बाप्या घरासमोर गाडी उभी करून तीन लांब हॉर्न वाजवायचा सराव करत बसला होता. शेजारणीने खिडकीतून भांडी वाजवली, तिच्या नवऱ्याने शिव्या घातल्या, कोंबड्या कोकोच्या झाडावर जाऊन बसल्या, तरी याचा सराव चालूच. इतका छळ हॉर्नने तरी किती सोसायचा?

सराव कशासाठी, तर युडीनसाठी. युडीन बर्च ग्रोव्हला रस्त्यापासून अडतीस पायऱ्या वर राहायची. विधवा बाई, खोबऱ्याची बिस्किटं भाजून विकायची. गेली अकरा वर्षं विन्सबर्ट तिच्या घराखालून जाताना एक छोटा हॉर्न वाजवायचा आणि वरून ती हात हलवायची. एवढाच काय तो संसार. शेवटी सगळ्यांची टँटी, म्हणजे मावशी, क्लोरिंडा हिने हे प्रकरण हातात घेतलं. बाजारात रताळी आणि जायफळ विकणारी ही म्हातारी रोज त्याच्याच बसने जायची, आणि दुसऱ्यांच्या घरातलं काम तिला स्वतःच्या कामाहून जास्त प्रिय होतं. तिने विन्सबर्टच्या वतीने परस्पर लग्नाचं विचारून टाकलं.

युडीनने निरोप पाठवला: "उद्या दहाच्या फेरीला माझ्या पायऱ्यांखाली तीनदा लांब हॉर्न वाजव म्हणावं. मी खाली येऊन काय ते सांगते. वाजला नाही, तर समजेन की गड्याने विचार बदलला. पुन्हा हा विषय नको."

आणि आज शुक्रवार.

"अरे, मग गाडी थांबव आणि जा वर चढून," टँटी म्हणाली.

"उतारावर गाडी सोडून कसा जाऊ?"

"दगड लाव की चाकाला!"

"टँटी, सीटवर असलो की मी बोलू शकतो. जमिनीवर उतरलो की घसा सुकतो. तुला माहीत आहे ना?"

ते सगळ्या बेटाला माहीत होतं. सीटवर बसलेला विन्सबर्ट पोलिसालासुद्धा दोन शब्द सुनवायचा, पण खाली उतरून पाव विकत घेतानाही बोटाने दाखवायचा.

"मग फोन कर."

"तिच्याकडे फोन कुठे आहे?"

"तुम्ही दोघं एकमेकांना शोभता," टँटी म्हणाली आणि टोपली मांडीवर घेऊन मागे बसली.

इतक्यात एक पाहुणा गाडीत चढला. उंच, गोरापान, पाठीवर पिशवी, हातात नकाशा. कोणाकडे न बघता तो पुढच्या सीटवर बसला. मागच्या चौदा जणांनी त्याच्याकडे बघितलं.

"गुड मॉर्निंग," टँटी जोरात म्हणाली.

पाहुण्याने दचकून मागे बघितलं.

"आमच्याकडे गाडीत चढल्यावर माणसं असं म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत," पाहुणा इतक्या हळू म्हणाला की दोघा-तिघांना पुढे वाकावं लागलं. "माफ करा. गुड मॉर्निंग. मी आर्तो. फिनलंडहून आलोय. ग्रंथालयात काम करतो. मला धबधब्यापाशी उतरायचंय."

"ग्रंथालयात काय काम?"

"लोकांना गप्प बसवायचं," आर्तो म्हणाला.

गाडी निघाली. पहिलं वळण आलं आणि समोरून केळ्यांचा ट्रक आला. विन्सबर्टने सवयीने हॉर्न दाबला, ब्रेक मारला, आणि टँटीची रताळी आर्तोच्या मानेवर येऊन पडली. ट्रकवाल्याने खिडकीतून विन्सबर्टच्या आईची, आजीची आणि गाडीच्या कंपनीची आठवण काढली.

"असं नाही चालायचं," टँटी म्हणाली. "अहो पाहुणे, डोकं बाहेर काढा."

"मी?"

"पुढच्या सीटवर कोण बसलंय? वळण आलं की ओरडायचं. पों म्हणायचं."

आर्तोने इकडेतिकडे बघितलं. कोणीच हसत नव्हतं. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हटलं, "पों."

"हे तर माझ्या मांजरालाही ऐकू गेलं नसतं!"

"पोंऽ."

"पोटातून! ग्रंथालयात आग लागली असं समजा!"

"पोंऽऽऽ!" आर्तो ओरडला आणि स्वतःच घाबरला. मग पुन्हा ओरडला. तिसऱ्या वळणाला त्याच्या गालांवर रंग चढला. कॉन्स्टंटाइन गाव येईपर्यंत तो न सांगता ओरडायला लागला, आणि वळण नसलं तरी ओरडायला लागला. गाई बिथरल्या. एक पाद्री सायकलवरून उतरून गटारात उभा राहिला.

पण वाटेतल्या माणसांना त्या पोंचं काय? विन्सबर्ट त्या रस्त्यावर प्रत्येक घराला हॉर्न द्यायचा: दुकानदाराला एक, शाळेच्या बाईंना दोन, ज्याच्याशी भांडण असेल त्यालाही एक तुटक. त्या रस्त्यावर बस हॉर्न न वाजवता जाते ती फक्त कोणी वारलं की. त्यामुळे ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली. बायकांनी छातीवर हात ठेवले.

ग्रँड एतांगच्या चढावर टँटीचा फोन वाजला. पलीकडे तिची बहीण.

"क्लोरिंडा, तू गाडीत आहेस ना? विन्सबर्ट वारला म्हणे?"

"काय? अगं, तो इथे..."

डोंगर आडवा आला आणि फोन कटला.

"काय म्हणत होती?" विन्सबर्टने विचारलं.

"तू वारलास म्हणते."

"कधी?"

"ते विचारायच्या आत फोन कटला."

गाडीत हशा पिकला. मग मागच्या एकाला त्याच्या मेव्हण्याचा फोन आला. विन्सबर्ट गाडी चालवतानाच गेला, गाडी आता एक गोरा माणूस चालवतोय, आणि दुःखाने तो खिडकीतून आक्रोश करतोय, असं कॉन्स्टंटाइनच्या सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मेव्हण्याला खरं काय ते सांगणार तोच पुढचा डोंगर आला.

हसणं थांबलं. विन्सबर्टचा चेहरा उतरला.

"बर्च ग्रोव्हला कळलं असेल?"

"बर्च ग्रोव्हला तर ते तुझ्याही आधी कळलं असेल," टँटी म्हणाली.

"माझा धबधबा गेला का?" आर्तोने हळूच विचारलं.

"धबधबा कुठे पळून जातोय? येताना बघा. ओरडा!"

विन्सबर्टने आयुष्यात कधी हाणली नव्हती तशी गाडी हाणली. एका वळणावर गाडी फार आत घेतली तेव्हा चौदा जण एकदम "पोंऽऽ" ओरडले, भीतीने की मदत म्हणून ते कोणालाच सांगता आलं नसतं.

शेवटचं वळण घेतलं, तर युडीन पायऱ्यांवरून धावत खाली येत होती. हाताला पीठ, एका पायात चप्पल, डोक्याला घाईत बांधलेला काळा रुमाल. मागून शेजारीण "सावकाश, सावकाश" करत येत होती.

गाडी पुरती थांबायच्या आत युडीनने दोन्ही हात पुढच्या दारावर आपटले. पत्र्यावर पिठाचे पंजे उमटले. तिला समोर दिसला आर्तो, तोंड उघडं टाकून बसलेला. त्याच्यापलीकडे बघायचं तिला भान नव्हतं.

"कुठे ठेवलंय त्याला?" तिने विचारलं. "मागे आहे का? त्याला सांगा, अकरा वर्षं हा माणूस मला एक हॉर्न वाजवून पुढे जायचा आणि मी मूर्खासारखी दिवसभर त्यावर जगायची. हो म्हणणार होते मी! रात्रभर झोपले नाही. त्या गाढवाला आणखी तीन मैल जगता आलं नाही?"

स्टिअरिंगमागे आणखी खाली सरकत चाललेल्या विन्सबर्टच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपल्यासाठी कोणी असं धावत येईल हे त्याला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि आता जिवंत आहोत हे कोणत्या तोंडाने सांगावं हेही कळत नव्हतं.

टँटीने रताळं घेतलं आणि त्याच्या डोक्यात हाणलं.

"आई गं!" विन्सबर्ट ओरडला.

युडीनने खिडकीतून आत वाकून, आर्तोच्या छातीवर कोपर रोवून पलीकडे बघितलं.

"हॉर्न बिघडला होता," विन्सबर्ट म्हणाला.

"आणि तोंड?" युडीनने विचारलं. "तेही बिघडलं होतं?"

विन्सबर्टने दार उघडलं. पाय जमिनीला लागताच घसा सुकला, ठरल्याप्रमाणे. गाडीच्या पुढून वळसा घालून तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. एवढं अंतर चालायला त्याला बराच वेळ लागला.

"यु..." तो म्हणाला. "युडीन." मग खोकला. "मला तू आवडतेस. पहिल्या वर्षापासून. माझ्याशी लग्न कर."

मागे गाडीत टँटीने डोळे पुसले आणि आपण रडत नाही असं शेजारच्याला बजावलं.

युडीनने पिठाच्या हाताने तोंड पुसलं, त्यामुळे ते आणखी पांढरं झालं.

"माझ्याकडे एकच उत्तर होतं," ती म्हणाली, "आणि ते मी आत्ता एका मेलेल्या माणसाला देऊन बसले. हवं असेल तर त्याच्याकडून घे."

"घेतलं," विन्सबर्ट म्हणाला.