ओंडका धरणारी

मित्रांनो, मी एक जुनी पटाशी आहे. लाकूड कोरणं हे माझं काम. मूठ बाभळीची, पातं लोखंडाचं आणि धनी सोनगीरचे तोताराम आबा.

आबांच्या डोक्यातून काय निघेल याचा नेम नसे. पगडीवाला बेडूक, चष्मा घातलेली शेळी, केळीच्या घडावर पोट वर करून घोरणारा वाघ. निंबाच्या ओंडक्यात त्यांना आधी पोट दिसे, मग त्या पोटाला शोभेल असं तोंड. हायवेवरचे लोक गाडी थांबवून बघत आणि पोट धरून हसत. ओंडका धरायच्या आबांच्या बायको, कोकिळाबाई. कोरायचं आबांनी, थांबायचं कधी ते कळायचं कोकिळाबाईंना. नेमक्या वेळी त्या म्हणायच्या, "बस, व्हई गयं आते." म्हणजे, झालं आता. लगेच आबा मला खाली ठेवायचे.

गेल्या साली कोकिळाबाई वारल्या. आबा एकटेच कोरू लागले आणि सगळा विचका झाला. वाघाचं मांजर व्हायचं, मांजराची काडी. मला फार वाईट वाटे, पण हात ढकलेल तिकडे जायचं, एवढंच माझ्या नशिबी. त्यांची मुलगी वृषाली मला पेटीत बंद करायला निघाली.

मग एका भर दुपारी ओंडका हलेनासा झाला. आबांनी तो धरलेलाच नव्हता. बेडकाचं हसू जमलं आणि रिकाम्या पडवीत आवाज आला, "बस, व्हई गयं आते." माझं पातं गार पडलं. आबांनी मुकाट्यानं मला खाली ठेवलं. बेडूक झकास उतरला होता.

पुढे हे रोजचंच झालं. आवाज वृषालीनंही ऐकला. ती पडवीत एकटी जाईना.

एके दिवशी आबांनी कोकिळाबाईंचाच चेहरा कोरायला घेतला. कपाळ, नाक, हनुवटीवरचा तीळ, ओठ. अगदी हुबेहूब. आबा वाट बघत राहिले. आवाज आला नाही. त्यांनी मला पुन्हा ओठांवर टेकवलं. एक पापुद्रा निघाला, मग आणखी एक.

"आबा, थांबा ना. ओठ चालले," दारातून वृषाली म्हणाली.

"तिले सांगू दे," आबा म्हणाले.

कोकिळाबाई सांगेनात. तेव्हा मला कळलं, मित्रांनो, हा चेहरा पुरा झाला की त्यांनाही जावं लागणार होतं, आणि त्यांना संपायचंच नव्हतं. ओंडका त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

ओठ गेले. तिथं गुळगुळीत लाकूड उरलं. आबांनी त्यावरून अंगठा फिरवला, ढसाढसा रडले, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच म्हणाले, "बस, कोकिळा. व्हई गयं आते."

ओंडका सुटला आणि कलंडला.

आता ओंडका वृषाली धरते. कधी थांबायचं ते आबाच ठरवतात, आणि चुकतातही. मला अधूनमधून तेलाचं बोट लावा, धार द्या, एवढंच मागते. आणि ओंडका धरणारं माणूस जवळ आहे तोवर त्याच्याकडून थांबणं शिकून घ्या. ते माणूस मेल्यावरही धरायला येतं, मित्रांनो. पण मग त्याला 'जा' असं आपल्यालाच म्हणावं लागतं.