मोडलेला दस्ता

पद्मजाने रायफलच्या दस्त्याचे दोन तुकडे जुळवले, फटीत सरस भरला आणि शिकंजा आवळला. हातातून निसटून पडलेला दस्ता कसा तडकतो, हे तिला ठाऊक होतं. हा तसा तडकलेला नव्हता. कोणीतरी रायफल नळीकडून धरून दांडक्यासारखी फिरवली होती.

"शिकारीत पडली," तो घेऊन आलेल्या रूलोफने सांगितलं होतं. "हुबेहूब असाच नवा हवा."

तिने जास्त विचारलं नाही. नवऱ्याच्या, अंबरीशच्या नोकरीपायी पुणं सोडून परदेशी आल्यावर काही वर्षं तिने घरात बसून काढली. मग विमानतळाशेजारच्या बाडहूव्हडॉर्प गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराची शेड घेतली, आणि नक्कल काढायचं त्याचं यंत्रही. यंत्राचं बोथट टोक जुन्या दस्त्यावरून फिरायचं आणि शेजारच्या अक्रोडाच्या ठोकळ्यावर पातं तीच वळणं कोरत जायचं. गिऱ्हाइकं म्हणजे शिकारी आणि नेमबाज. लाकडापुरतं काम तिचं. बंदूक त्यांची, त्यांच्या घरी.

दुसऱ्या दिवशी नवा दस्ता निम्मा कोरून झाला असताना दार ढकलून एक बाई आत आली. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला.

"मी हेस्टर. रूलोफची बायको. तो दस्ता करू नका."

पद्मजाने यंत्र बंद केलं. हेस्टरने शर्टची कॉलर बाजूला ओढली. मानेपासून खांद्यापर्यंत काळंनिळं पडलं होतं.

"इथे मारला. तेव्हा मोडला."

"पोलिसांना सांगितलंत?"

"दस्ता येऊ दे, मग उरलेलं बोलू, असं म्हणालाय तो."

पद्मजाने फोन उचलून पोलिसांना लावला. पत्ता सांगून होतो न होतो तोच बाहेर गाडी करकचून थांबली.

रूलोफने आल्या आल्या हेस्टरचे केस धरले आणि तिचं डोकं सुतारमेजावर आपटलं. पुन्हा आपटलं. शेडवरून खाली उतरणाऱ्या विमानाच्या घरघराटात तिची किंकाळी बुडून गेली. पद्मजा त्याच्या हाताला लोंबकळली, तर त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. ती यंत्रावर आदळली. तोंडात रक्ताची खारट चव आली. तिने अर्धवट कोरलेला दस्ता यंत्रातून उपसला आणि दोन्ही हातांनी त्याच्या कानामागे हाणला.

तो आधी गुडघ्यांवर आला, मग पालथा पडला.

संपलं, असं पद्मजाला वाटलं. हेस्टरने तिच्या हातातलं लाकूड हळूच काढून घेतलं. आणि मारायला सुरुवात केली. पाठीवर, बरगड्यांवर, पुन्हा पाठीवर.

"हेस्टर, पुरे! मरेल तो!"

हेस्टरला ऐकूच गेलं नसावं. तिने दस्ता डोक्याच्याही वर उचलला. तिची नजर त्याच्या कवटीवर होती. पद्मजाने त्याच्यावर अंग टाकलं आणि हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ नंतर आली.

तेव्हा कुठे हेस्टर थांबली.

"तुम्ही कशाला मध्ये आलात?" तिने धापा टाकत विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

पद्मजाच्या अंगाखाली रूलोफची पाठ वरखाली होत होती, घामेजलेली, गरम. तिला किळस आली. तरी पोलीस दारात येईपर्यंत ती त्याच्यावरून उठली नाही.

कण्हणाऱ्या रूलोफला स्ट्रेचरवर घालून नेलं. एक तरुण पोलीस बाई पद्मजाजवळ उकिडवी बसली.

"डोक्यात तुम्ही मारलंत?"

"हो. तो तिला मारत होता."

"आणि हा हात? तो कोणी मोडला?"

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या हेस्टरने तोंड उघडलं.

"त्याने," पद्मजा म्हणाली. "त्यानेच."

पोलीस बाईने मान डोलावली. पद्मजाला आधार देऊन बाहेर आणलं. वारा बोचरा होता आणि एका हाताने तिला जॅकेटची चेन लावता येईना. हेस्टर मागून आली, तिच्यासमोर वाकली. चेन दोनदा अडकली. मग तिने ती हनुवटीपर्यंत ओढली, आणि दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही.