खुर्चीवर नारळ, खिशात शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो. कर्जतच्या बाजारात एका टपरीवजा दुकानात माझा जन्म झाला. लाकडी मूठ, गोल तोंड आणि तोंडावर उलटी अक्षरं, सरपंच. एसटीत बसून मी कशेळ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात आलो. वीस वर्षं इमानानं राबलो. माझ्या दाखल्यांवर कितीतरी पोरं शिकली, नोकरीला लागली. दसऱ्याला मला कुंकू लागायचं. मी थोडा शेफारलोही होतो, खोटं कशाला बोलू?

पुढे जगदीशभाऊ सरपंच झाले. त्यांचे खडीचे डंपर गावातल्या नामाच्या भातशेतीतून जाऊ लागले. नामा आडवा उभा राहिला, तेव्हा भाऊंनी पहारीनं त्याचा पाय मोडला. नामा काठी टेकत कोर्टात गेला, खरं ते बोलला, आणि भाऊंना तीन वर्षांची शिक्षा झाली.

सुटलो बुवा, असं मला वाटलं. कसलं काय! तुरुंगात जायच्या आदल्या दिवशी भाऊंनी शंभर कोऱ्या कागदांवर सह्या केल्या आणि प्रत्येक सहीखाली मला आपटलं. मग ग्रामपंचायतीच्या बैठकीत भाऊंच्या जागी म्हणून त्यांच्या खुर्चीवर नारळ ठेवला गेला. शिक्षा झालेला माणूस पदावर राहतो का, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. अपील केलंय, तोवर सरपंच भाऊच, असं त्यांचा धाकटा भाऊ नीलेश म्हणाला. सगळ्यांनी नारळाकडे बघून हात वर केले. खरं तर कारभार आता उपसरपंच छायाताईंनी हाती घ्यायचा. पण त्यांचाच हात सर्वांत आधी वर गेला. त्या दिवसापासून मी नीलेशच्या खिशात राहू लागलो.

एके दिवशी नामा आला. त्याच्या मुलीला, नम्रताला पनवेलकडे नर्सिंगला जागा मिळाली होती आणि शनिवारपर्यंत कॉलेजात रहिवासाचा दाखला द्यायचा होता. छायाताईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. खुर्चीवर नारळ असताना मी कशी सही करू, म्हणाल्या. नीलेशनं मात्र त्याला बसायला दिलं, चहा दिला, आणि मग एक कागद पुढे केला. मी बांधावरून पाय घसरून पडलो, भाऊंनी मला मारलं नाही, असं त्यावर लिहिलं होतं.

"ह्ये खोटं हाय," नामा म्हणाला.

"पोरीचा दाखला तर खराच लागंल ना रं?" नीलेश हसत म्हणाला.

नामानं काठी भिंतीला टेकवली आणि माझ्याच पॅडवर अंगठा दाबला. मित्रांनो, त्या जांभळ्या शाईवर मी वाढलो. त्या दिवशी मला तिची किळस आली.

नीलेशनं सही केलेला एक कोरा कागद काढला, दाखला लिहिला आणि त्या दिवसाची तारीख घातली. शनिवारी संध्याकाळी नम्रता तोच दाखला घेऊन परत आली. सही करणारा माणूस तर तुरुंगात आहे, मग या तारखेला सही केली कुणी, असं विचारून कॉलेजच्या कारकुनानं तो परत केला होता. मुदत संपली होती. नामानं आपला अंगठ्याचा कागद मागितला. तो केव्हाच वकिलाकडे गेला होता.

त्या कागदाच्या जोरावर भाऊ अपिलात सुटले. नारळ उंबऱ्यावर फुटला, खोबरं गावभर वाटलं. भाऊंनी पहिली सही केली ती नामावर खोट्या साक्षीची तक्रार करणाऱ्या अर्जावर. तिच्याखालीही मीच उमटलो. नम्रता आता भाऊंच्याच क्रशरवर खडीच्या पाट्या उचलते.

मला हल्ली मऊ फडक्यानं पुसून डबीत ठेवतात. जुन्या वस्तू जपा, असं आम्ही म्हातारे नेहमी सांगतो. मी नाही सांगणार. मला हवं तर चुलीत घाला. पण तुमच्या गावात कधी खुर्चीवर असा नारळ दिसला, तर तो आधी उचला. छायाताईंना तो एका हातानं उचलता आला असता.