फिरतीवरचा माणूस

"साखरेचा डबा कुठे गेला?"

"डावीकडे, खालच्या फळीवर," नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला. "मोठे डबे खाली लावलेत, लहान वर. दुकानात असेच लावतात."

"हे दुकान नाही."

"म्हणूनच तुला काही सापडत नाही."

तिने खालची फळी पाहिली, वरची पाहिली, वाकून कोपरा पाहिला. मग डब्यांकडे पाठ फिरवून बिनसाखरेचा चहा गाळला आणि त्याच्यापुढे नेऊन ठेवला. तो मुकाट्याने प्यायला. चहात साखर नाही हे त्याला कळले नाही, की कळूनही तो बोलला नाही, हे तिला समजेना. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या चेहऱ्यावरून एवढेसुद्धा ओळखता येऊ नये, याचे तिला नवल वाटले.

नवल वाटायचे तसे कारण नव्हते. तो बटणे, झिपा आणि दोरे बनवणाऱ्या एका कंपनीचा फिरता विक्रेता होता. सोमवारी पहिल्या बसने निघायचा, गावोगावची दुकाने करायचा आणि शनिवारी दिवेलागणीला परतायचा. खालच्या मजल्यावरच्या काकू त्याला जिन्यात पाहिले की म्हणायच्या, "आले वाटतं पाहुणे." मग साऱ्या गल्लीतच त्याचे नाव पाहुणे पडले. त्यालाही ते आवडायचे. माणूस मोठा बोलका. दुकानदारांच्या बायकांना कुठल्या कापडाला कुठले बटण शोभेल ते सांगायचा, त्यांच्या पोरांची स्थळे जुळवायचा, आणि एकेका गावात त्याचे जेवायचे घर ठरलेले होते. हीसुद्धा त्याला अशीच भेटली. लग्नाआधी ती एका शिंप्याच्या दुकानात काजे करायला बसायची. तो नमुने घेऊन आला आणि शिंपी सोडून हिलाच बटणे दाखवत बसला.

दोघांचे कधी मोठे भांडण झाले नाही. भांडण पिकायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांना मिळालाच नव्हता. मुलगी झाली, शिकली, नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. हिने खिडकीशी मशीन मांडले आणि घरोघरचे शिवणकाम घेतले. दुपारी रेडिओ, मग थोडी झोप, संध्याकाळी जिन्यात काकूंशी गप्पा. ना कोणाच्या घेण्यात, ना देण्यात. शनिवारी पाहुणे यायचे, घर भरल्यासारखे व्हायचे. सोमवारी जायचे, तेही बरे वाटायचे.

आणि मग साथ आली, एका संध्याकाळी सगळे बंद झाले. बस बंद, दुकाने बंद, कोणी घराबाहेर पडायचे नाही.

पहिले काही दिवस लांबलेल्या रविवारसारखे गेले. तो उशिरा उठला, आंघोळीला वेळ लावला, मुलीशी फोनवर थट्टा केली. मग त्याच्या पायांची भिंगरी घरातच फिरू लागली. त्याने बिजागऱ्यांना तेल घातले, माळा आवरला, कपाटे सरकवली. डबे लावले ते त्याच सुमारास. घरातले उरकल्यावर त्याने फोन धरला. रोज सकाळी ओळीने एकेका गावचा दुकानदार.

"काय मालक, बरंय ना? नाही, नाही, ऑर्डरसाठी नाही केला. सहजच."

सुरुवातीला दुकानदारही घटका-घटका बोलायचे. त्यांनाही काम नव्हते. पण बोलायला काही घडावे तर लागते. हळूहळू बोलणी आखडली. कोणी म्हणे, नंतर करतो. कोणी उचलेनासा झाला. एका सकाळी तो फोन कानाला लावून उभा होता. "अस्सं," एवढेच म्हणाला. फोन टेबलावर ठेवून खुर्चीत बसला आणि त्या दिवसानंतर त्याने कोणालाच फोन केला नाही.

"काय झालं?" तिने विचारले.

"काही नाही."

तेव्हापासून ते 'काही नाही' घरात मुक्कामाला आले. जेवणार का, काही नाही. झोप लागली का, काही नाही. दाढी केल्याशिवाय दूधवाल्यासमोरही न जाणारा माणूस, त्याची दाढी वाढली. ताटातले अन्न तसेच राहू लागले. तो खुर्ची खिडकीजवळ ओढायचा आणि तिच्या मशीनवर सावली धरून बसायचा. ती एका बाहीला दोनदा शिलाई घालायची, दोनदा उसवायची.

"निदान माझ्या उजेडातून तरी सरका," ती एकदा फटकन बोलून गेली.

तो सरकला. नुसता सरकला नाही, उठून जिन्यात जाऊन पायरीवर बसला. दुसऱ्या दिवशीही तिथेच, तिसऱ्याही. तिला वाईट वाटायला हवे होते. पण खिडकीतला उजेड परत मिळाला म्हणून आधी हायसे वाटले, आणि मग त्या हायसे वाटण्याचेच वाईट वाटले.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, त्यांना कशात तरी गुंतव ना. माझ्या ओळखीतले सगळे काही ना काही शिकताहेत."

"गुंतवायला ते काय दोरा आहेत?" ती म्हणाली.

काकूंनी सांगितले, पुरुष माणूस घरात बसला की असाच खचतो, आपोआप येईल ताळ्यावर. तिलाही तसेच मानायचे होते.

एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली तर घरात शुकशुकाट. जिन्यात पाहिले, तिथेही कोणी नाही. दाराशी त्याचे बूट नव्हते, नमुन्यांची बॅग नव्हती. काकूंच्या दारावर थाप मारली.

"अगं, पाहुणे निघाले फिरतीवर," काकू दार किलकिले करून म्हणाल्या. "इस्त्रीचा शर्ट होता अंगात. मला वाटलं, परवानगी मिळाली असेल."

ओल्या केसांना पदर गुंडाळून, तोंडाला फडके बांधून ती खाली उतरली. कित्येक दिवसांत तिने रस्त्यावर पाऊल टाकले नव्हते. दुकानांची दारे मिटलेली, रस्त्याच्या मध्यावर कुत्री बिनघोर पसरलेली. स्वतःच्याच चपलांचा आवाज तिला मोठा वाटत होता. कुठे जावे ते तिला सुचेना. मग बसथांब्याच्या दिशेने निघाली, कारण इतकी वर्षे तो त्याच दिशेने गेला होता.

चौकात आडवे बांबू बांधले होते. बाजूला झाडाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर तो बसला होता. मांडीवर नमुन्यांचा पुठ्ठा उघडलेला. समोर एक हवालदार उभा, एक हात छातीशी धरून.

"ताई, हे तुमचे का?" हवालदाराने विचारले.

तिने मान हलवली.

"बस कधी लागणार म्हणून विचारत होते. म्हटलं, बस नाहीयेत सध्या. तर म्हणाले, हरकत नाही, थांबतो." हवालदाराने छातीवरचा हात जरा बाजूला केला. गणवेशाचे एक बटण तुटलेले होते. "मग म्हणाले, तुमचं बटण गेलंय. तेव्हापासून ते जोडीचं बटण शोधताहेत."

"आमच्याकडे ह्या रंगाचं आहे," तो पुठ्ठ्यावरून नजर न उचलता म्हणाला. "मागच्या वर्षीच्या मालात होतं."

"मीच पाठवलं होतं यांना," ती हवालदाराला म्हणाली. "औषध आणायला. रस्ता चुकले असतील."

हवालदाराने बॅगेकडे पाहिले, इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिले. "असेल," तो म्हणाला. "रागावू नका त्यांच्यावर. रोज येतं असं कोणी ना कोणी. विचारलं कुठे निघालात, तर त्यांनाच माहीत नसतं. घेऊन जा सावकाश."

परतताना बॅग तिने घेतली. तो तिच्या एक पाऊल मागून चालत होता, पाहुणा घर दाखवणाऱ्याच्या मागून चालतो तसा.

"मला वाटलं, सोमवार आहे," तो म्हणाला.

"गुरुवार आहे."

चौक मागे पडला. मग तो म्हणाला, "तो दोऱ्याचा व्यापारी होता ना, नदीकाठच्या गावचा. मी त्याच्याकडे जेवायचो."

"जाड चष्मेवाले?"

"गेला. सुनेने उचलला फोन. म्हणाली, आठवडा झाला." तो थांबला. "मला वाटायचं, आपली एवढी माणसं आहेत. आणि मला कोणी कळवलंसुद्धा नाही गं. का कळवतील म्हणा. मी बटणं विकणारा."

तो पुढे बोलला तो अगदी हलक्या आवाजात, एखाद्या गिऱ्हाइकाला माल संपल्याचे सांगावे तसा. "घरी मला काहीच जमत नाही. तुझं सगळं बसलेलं आहे. मी जिथे बसतो तिथे अडचण होते."

ती थांबली. बॅगेचा एक बंद तिने त्याच्या हातात दिला, दुसरा स्वतःकडे ठेवला, आणि तशी ती बॅग दोघांत धरून ते घरापर्यंत आले.

नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी मनाच्या डॉक्टरांचा नंबर दिला. ती उसळलीच. "वेड नाही लागलेलं त्यांना." डॉक्टर म्हणाले, "कोण म्हणतंय लागलंय म्हणून? पडसं झालं तर माझ्याकडे या, दात दुखला तर दाताच्या डॉक्टरकडे जा. एवढंच आहे."

मनाच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी व्हिडिओ फोनवरच तपासायचे ठरवले. तो फोन हातात धरेना, म्हणून तिने त्याच्या तोंडासमोर धरला. झोप किती लागते, भूक लागते का, पूर्वी जे आवडायचे ते आवडते का, असे साधेच प्रश्न होते. तो तुटक उत्तरे देत राहिला. मग बाईंनी त्याच साध्या आवाजात विचारले, "जगूच नये, असं कधी मनात येतं का?"

ती त्याच्याकडे पाहत होती. नाही म्हणेल, असे गृहीत धरून होती.

"येतं," तो म्हणाला. "जिन्यात बसलो की येतं."

फोन तिच्या हातात कलंडला. पडद्यावर बाईंना नुसते छत दिसले असेल. तिने तो दोन्ही हातांनी धरून पुन्हा सरळ केला.

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "हा आजार आहे. बरा होतो. वेळ लागतो, पण होतो. गोळ्या सुरू करू. आणि सध्या एकटं बसायचं नाही."

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या काही दिवसांत फरक दिसला नाही, उलट पेंग वाढली. ती त्याला नजरेआड होऊ देईना. खुर्ची पुन्हा खिडकीशी आली. सावली पडायची ती पडू दे म्हणून तिने मशीनच थोडे तिरके वळवून घेतले. एकदा काही न सांगता तिने एक शर्ट, बटण आणि सुई त्याच्या मांडीवर ठेवली. जन्मभर बटणे विकलेल्या माणसाने एकही बटण लावलेले नव्हते. त्याने ते उलटे लावले, मग बोटाला टोचून घेतले.

"एवढं अवघड असतं हे?" तो म्हणाला.

"मग? आम्ही काय फुकट मिरवतो?"

तो हसला. फार नाही, ओठांच्या कडेने. तिने मान खाली घालून मशीन जोरात चालवले, त्याला तिचा चेहरा दिसू नये म्हणून.

असे करत करत माणूस परत आला. आधी दाढी झाली, मग भूक आली, मग एके दिवशी काकूंशी जिन्यातून थट्टा झाली. पुढे दुकाने उघडली, बस सुरू झाल्या. कंपनीने निम्मी गावे काढून टाकली होती, पण निम्मी राहिली होती. डॉक्टर बाईंनी हरकत घेतली नाही. गोळ्या सोबत ठेवा, रोज घरी फोन करा, एवढेच सांगितले. एका सोमवारी तो पहिल्या बसने गेला. ती थांब्यापर्यंत पोचवायला गेली, पूर्वी कधी गेली नव्हती. बस वळणाआड गेली तेव्हा तिला वाटले, सुटले बाई. आता आपले घर आपल्याला मिळाले.

घर मिळाले, पण त्यात तिचा पाय ठरेना. तो रोज ठरल्याप्रमाणे फोन करायचा. जरा उशीर झाला की ती दाराशी जाऊन उभी राहायची. जिन्यात पाऊल वाजले की हातातले टाकून दार उघडायची. फोन वाजला की आधी चौकातला हवालदारच डोळ्यांसमोर यायचा. सुईत दोरा ओवला जाईना. शिवायला आलेले कपडे खुर्चीवर साठत गेले. रेडिओ लावला की वाटायचे, त्या आवाजात फोनची घंटा ऐकूच आली नाही तर? म्हणून रेडिओही बंद. जेवायला एकटीसाठी काय करायचे, म्हणून तेही राहायचे.

"अगं, हल्ली मशीनचा आवाज येत नाही तुझा," काकू म्हणाल्या.

"तेल घालायचंय," ती म्हणाली.

त्याच्याशी फोनवर ती छान बोलायची. कुठे जेवलात, काय दिलं, गोळी घेतलीत का. तो रंगात येऊन दुकानदारांच्या गमती सांगायचा. तुझं कसं चाललंय, असे विचारायचा, आणि ती म्हणायची, माझं काय, मजेत. फोन ठेवला की घाम पुसायची.

एका दुपारी एक गिऱ्हाईक बाई झग्याचे न शिवलेले कापड तसेच परत घेऊन गेली. रागावली नाही, नुसती हिच्या तोंडाकडे बघून गेली. तिच्या मागे हिने दार लावले. मग खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर ठेवले, रिकाम्या खुर्चीवर बसली आणि डॉक्टर बाईंच्या दवाखान्याचा नंबर लावला.

तिथल्या मुलीने आवाज ओळखला. "साहेबांच्या गोळ्या संपल्या का, काकू?"

"नाही. ते बरे आहेत. फिरतीवर गेलेत."

"मग वेळ कोणासाठी हवीय?"

तिने मशीनवरची धूळ बोटाने पुसली. पलीकडे मुलगी थांबून होती.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

"चालेल. नाव सांगा, पूर्ण."

तिने नाव सांगितले. इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते, त्यामुळे ते तोंडातल्या तोंडातच राहिले.

"ऐकू नाही आलं. जरा मोठ्याने सांगता?"

तिने घसा साफ केला आणि पुन्हा सांगितले.