एकही पडेल गाणं नाही

मी एक अल्बम आहे. नाव ऐकून तुम्ही फोटो शोधाल, पण माझ्या पोटात फोटो नाहीत. जाड पुठ्ठ्याची दोन पानं, पाठीला निळं कापड आणि मधे खाकी कागदाचे सहा कप्पे. प्रत्येक कप्प्यात ग्रामोफोनची एक काळी तबकडी. एका बाजूला एक गाणं, उलटी केली की दुसरं. अशी बारा गाणी माझ्याजवळ होती आणि त्यांत एकही पडेल नव्हतं. हे मी माझ्या तोंडानं म्हणत नाही. ज्या दोघांनी मला भरलं, ते म्हणायचे.

१९५६ च्या सुरुवातीला यवतमाळच्या एका बुकबायंडरनं मला शिवलं. दुकानात फार दिवस काढावे लागले नाहीत. दिग्रसहून मोटारीनं आलेल्या दोन माणसांनी मला उचललं. एकाचं नाव डोमाजी. तो दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात यंत्रांना तेल घालायचा. दुसरा भावसिंग, गावाबाहेरच्या तांड्यातला बंजारा शेतकरी. कापसाच्या गाड्या कारखान्यापुढे रांगेनं उभ्या असताना भावसिंग गुणगुणत बसायचा. एकदा त्यानं गाण्याची पहिली ओळ म्हटली आणि दुसरी ओळ आतून, यंत्राआडून आली. तेव्हापासून त्यांची दोस्ती.

भावसिंगाकडे चावीचा ग्रामोफोन होता. एका व्यापाऱ्याच्या घरी रेडिओ आला, म्हणून ते मशीन अडगळीत गेलं होतं. भावसिंगानं ते कापसाच्या रिकाम्या गाडीतून तांड्यात नेलं. मग दोघं मिळून तबकड्या गोळा करू लागले. पोतं भरलं. पण बहुतेक तबकड्यांची एक बाजू गोड आणि दुसरी नुसती भरतीची. तेव्हा डोमाजीनं नियम केला: दोन्ही बाजू चांगल्या असतील आणि दोघांनाही पटतील, तीच तबकडी अल्बमात जाईल.

केवढा काथ्याकूट चालायचा! एक लावणी भावसिंगाला फार आवडली, डोमाजी म्हणाला, "सुरुवात झ्याक आहे. पण शेवटी बाई थकून गेली. आयक." भावसिंगानं पुन्हा ऐकलं आणि मुकाट्यानं ती तबकडी पोत्यात परत टाकली. कव्वालीची एक तबकडी मात्र पहिल्यांदा ऐकतानाच दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलायची गरजच पडली नाही.

मला कुठं ठेवायचं, हा प्रश्न भावसिंगाच्या बायकोनं, बिजलीबाईनं सोडवला. "मशीन आमच्या घरी राहू द्या, तवे तुमच्या घरी," ती डोमाजीला म्हणाली. "मंग दोघायलेही एकमेकाच्या घरी याच लागन." तबकड्यांना ती तवे म्हणायची. दोघं हसले, पण तसंच झालं. मी दिग्रसला डोमाजीच्या फळीवर राहिलो आणि बाजाराच्या दिवशी त्याच्या काखेतून तांड्यात जाऊ लागलो.

चौथ्या कप्प्यातली तबकडी भजनांची होती. देवळाच्या दारात उभा राहून कुणी देवाला साद घालतोय, असं पहिलं भजन. गायकाचा आवाज एका ठिकाणी असा चढायचा की बिजलीबाईचं चुलीपुढचं हातातलं काम थांबायचं. भावसिंगाचा बाप नेमसिंग त्या उन्हाळ्यात आजारी होता. खाटेवर पडल्या पडल्या तो दुसरं काही मागत नसे, ते भजन मागे. ते ऐकता ऐकताच बाजाराच्या एका दुपारी त्यानं डोळे मिटले. मशीन बंद करायचं भानही कुणाला राहिलं नाही.

पोळ्यापर्यंत माझे सहाही कप्पे भरले. दोघांनी बाराच्या बारा गाणी एका बैठकीत ऐकली आणि भावसिंग म्हणाला, "आता याच्यात बोट घालाले जागा नाही."

त्याच दसऱ्याला डोमाजी आपल्या बायकोला, तुळसाबाईला, घेऊन नागपूरला गेला. परत आला तो बौद्ध होऊन. घरातल्या देवांच्या तसबिरी भिंतीवरून उतरल्या, तिथे बुद्धाची तसबीर लागली. डोमाजीचं चालणंसुद्धा बदललं. आधी तो रस्त्याच्या कडेनं चालायचा. आता मधून चालू लागला. मी त्याच्या काखेत असायचो, म्हणून मला ते कळायचं.

एका संध्याकाळी तुळसाबाईनं मला फळीवरून काढलं. "यातलं ते भजन अजून आहे काय?" तिनं विचारलं.

"आहे," डोमाजी म्हणाला. "त्या माणसाचा आवाज काय आणि ती चाल काय. तसं गाणं नाही व."

"असन चांगलं. पण दारात उभं राह्याचं गाणं आपण कायले आयकाव? जलमभर दारातच उभं केलं आपल्याले. ते दार सोडून आलो ना आता?"

डोमाजीनं मला तिच्या हातून घेऊन परत फळीवर ठेवलं. पण पुढच्या बाजाराला तो तांड्यात गेला तेव्हा त्यानं चौथ्या कप्प्यातली तबकडी काढून भावसिंगापुढे धरली.

"हे तू ठेव. अल्बमात नोको."

भावसिंगाला आधी कळेचना. "काहून? तूच तं म्हणत होता, याच्यावर गाणं नाही."

"आजही म्हणतो. गाणं चांगलंच आहे. पण मी ते घरात ठेवू शकत नाही."

"माहा बाप हे आयकत गेला, डोमाजी."

"मले माहीत आहे. म्हणून तं तुह्याजवळ देऊन राह्यलो."

भावसिंगाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "माह्या बापाचं गाणं तुह्या घरात बाटते काय?"

तो शब्द त्याच्या तोंडून गेला. हाच शब्द डोमाजीनं आयुष्यभर ऐकला होता. या अंगणात मात्र कधी नाही. डोमाजीनं मला काखेत मारलं आणि चहा न घेता तो निघाला. बिजलीबाई बंजाऱ्यांच्या गोर बोलीत नवऱ्याला काहीतरी जोरात म्हणाली. वेशीपर्यंत तिचा आवाज येत होता.

त्यानंतर मी मुका झालो. तबकड्या माझ्याजवळ होत्या, मशीन तांड्यात होतं. त्यालाही गाता येईना, मलाही नाही. म्हणजे त्याच्याजवळ एक तबकडी होती, पण बिजलीबाई पुढे सांगायची की भावसिंगानं ती कितीतरी दिवस लावलीच नाही. कापसाच्या हंगामात त्याची गाडी कारखान्यात यायची. दोघं एकमेकांना पाहायचे. भावसिंग कापूस मोजून द्यायचा आणि बैल जुंपायचा. घरी डोमाजी मला खाली काढायचा, एकेक तबकडी जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसायचा आणि परत ठेवायचा. चौथा कप्पा आला की नुसतं पान उलटायचा.

एक वर्ष गेलं, दुसरं लागलं. डोमाजी-तुळसाबाईच्या मुलीचं, कौसल्याचं लग्न बोरी अरबच्या मुलाशी ठरलं. नव्या रीतीनं होणारं त्या मोहल्ल्यातलं ते पहिलं लग्न. आधी डोमाजीचे भाऊबंदच गावच्या लग्नांत दफडं वाजवायचे. आता त्यांनी ते काम सोडलं होतं. एका बँडवाल्यानं यायचं कबूल केलं. मग गावातल्या काही लोकांनी त्याला दटावलं आणि तो नाही म्हणाला. "मुक्यानंच लागन लग्न," डोमाजी म्हणाला. मी फळीवरून कौसल्याकडे पाहत होतो. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाई एकटी तांड्यात गेली. ती गेली हे डोमाजीलाही ठाऊक नव्हतं. तिथं काय झालं, ते तिनंच घरी येऊन सांगितलं. भावसिंग अंगणात दोर वळत होता. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"भावजी, ते भजन मी काढाले लावलं. तुमच्या दोस्तानं नाही. राग असन तं माह्यावर काढा."

भावसिंग दोर वळतच राहिला.

"मी माफी मागाले नाही आली," ती म्हणाली. "भजन आमच्या घरी नाही येणार. पण पोरीच्या लग्नात घर मुकं नोको. मशीन द्या."

"वयनी," भावसिंग म्हणाला, "त्या रोजी मी जे बोललो, ते डोमाजीनं तुमाले सांगतलं काय?"

"नाही. निसतं भांडण झालं म्हणे."

भावसिंगानं दोर खाली ठेवला. "मंग तुमाले सांगतो," म्हणाला, आणि त्यानं तो शब्द तिला सांगितला. तुळसाबाई उभीच होती, ती ओट्यावर बसली. बिजलीबाईनं पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "मंग येता काय लग्नाले?"

लग्नाच्या सकाळी भावसिंग घोंगडीत गुंडाळलेलं मशीन डोक्यावर घेऊन आला. मागून बिजलीबाई, तिच्या आरशांच्या चोळीवर ऊन चमकत होतं. मांडवात डोमाजीनं मला त्याच्या हातात दिलं. भावसिंग माझी पानं उलटत गेला आणि चौथ्याशी थांबला.

"याच्यात दुसरा तवा काहून नाही घातला?"

"तू नव्हता," डोमाजी म्हणाला. "एकट्यानं कसा निवडू?"

भावसिंगानं मान खाली घालून चावी भरायला घेतली. लागत होती त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तो ती भरत राहिला.

वंदना झाली, नवरानवरीनं एकमेकांना हार घातले आणि माझी गाणी सुरू झाली. मशीनचा आवाज लहान, मांडव भरलेला. पंचफुला नावाची म्हातारी पोरांवर ओरडली, "चूप बसा, पोरीचं लग्न वाजून राह्यलं." सगळे खरंच चूप बसले. दहाही गाणी झाली. 'हे बदला' असं कुणी म्हटलं नाही. कव्वाली मात्र तीनदा लावावी लागली. कौसल्या पहिल्यांदा हसली ती त्या कव्वालीला.

लग्नानंतर पहिल्याच बाजाराला डोमाजी मला घेऊन तांड्यात गेला. घर जवळ आलं तसा आतून आवाज ऐकू आला. तेच भजन चाललं होतं. त्याला दारात पाहताच भावसिंगानं घाईनं सुईचा हात उचलायला घेतला.

"राहू दे," डोमाजी म्हणाला. "तुह्या घरचं आहे. होऊन जाऊ दे. मी बाहेर बसतो."

तो ओट्यावर बसला, मला मांडीवर आडवं धरून. भजन पुढे सरकलं. गायकाचा आवाज त्या चढावर आला, तेव्हा डोमाजीची बोटं माझ्या पुठ्ठ्यावर ठेका धरत होती. त्याला ते माहीत नसावं. भजन संपलं, तो उठून आत गेला आणि बिजलीबाईनं चहा ठेवला.

आता त्याला बरीच वर्षं झाली. मशीनची स्प्रिंग तुटली. तसली यवतमाळलाही मिळाली नाही. चहाच्या दुकानांतून ट्रान्झिस्टर वाजतात. डोमाजीनं मला कौसल्याकडे दिलं. बोरी अरबला तिच्या पेटीत, नव्या लुगड्यांखाली मी असतो. माझी पाठ उसवली आहे, पण तबकड्या शाबूत आहेत.

म्हणून एक विनंती. तुमच्या ओळखीत कुणाकडे चालतं चावीचं मशीन असलं, तर बोरी अरबला कौसल्याला निरोप द्या. ती दोघांना बोलावून घेईल. दिग्रसहून डोमाजी मोटारीनं येईल, तांड्यातून भावसिंग. दोघांचेही केस पिकलेत, भावसिंगाला एका कानानं कमी ऐकू येतं. त्यांना चहा द्या आणि मशीनजवळ बसू द्या. कोणती बाजू आधी लावायची यावरून ते भांडतील. भांडू द्या.