सडक्या केळ्यांचा राजा

सडक्या केळ्यांपायी तू जिवाभावाच्या मैत्रिणीशी भांडशील, असं आभाला कुणी आधी सांगितलं असतं, तर ती हसत सुटली असती. पण भांडली! आणि तेही निरोपाच्या सहलीत.

नीलमच्या फौजी नवऱ्याची बदली झाली होती, झाशीहून थेट तेजपूरला. म्हणून शेवटच्या शनिवार-रविवारी आभा तिला आणि दुसरी मैत्रीण ऋता हिला घेऊन बरुआसागरजवळच्या डोंगरात फुलपाखरं बघायला आली. ऋताच्या मामांचं शेतघर होतं तिथे. हा फुलपाखरांचा नाद दोघींना आभानंच लावलेला. आता जाता जाता नीलमला काळा राजा नावाचं फुलपाखरू दाखवायचं, हा तिचा हट्ट. हे बडं प्रस्थ फुलांकडे ढुंकून बघत नाही, सडक्या फळांवर मात्र तुटून पडतं. म्हणून आभानं केळी गुळात आंबवून डब्यातून आणली आणि संध्याकाळी नीलम आत पिठलं हाटत असताना गुपचूप मागच्या चिंचेच्या बुंध्याला फासली. सरप्राईज ना!

राजा आपला निमित्ताला. आभाला खरं हवं होतं ते एवढंच, की नीलमनं एकदा म्हणावं, तुझी आठवण येईल गं. पण ही बया हसतमुख! आधीच्या बदल्यांत पठाणकोट सोडलं, बेळगाव सोडलं, डोळ्यांत टिपूस नाही. "सुट्टीत येऊ हं," असं सगळ्यांना सांगून मोकळी.

रविवारी सकाळी आभा धावत चिंचेपाशी गेली, तर बुंधा लख्ख! शेजारी नीलम, हातात रिकामी बादली.

"काय घाण टाकली होती गं कुणी! पुरून टाकली, झाडही धुतलं. दुपारी निघायचं ना आपल्याला?"

आता बोला! क्वार्टर सोडताना खिळ्यांची भोकंसुद्धा बुजवून द्यायची, ही सवय तिच्या हाडीमाशी भिनलेली. पण आभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे यार, वो मैंने रखा था! तुझ्यासाठी! तुला तर सगळं पुसूनच जायचं असतं. हमें भी पोंछ दे, छुट्टी!"

बोलली, आणि लगेच जीभ चावली. नीलम तशीच खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागली. केळ्यांचा तो चिखल तिनं पुन्हा बुंध्याला थापला. आभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती शेजारी टेकली.

ऊन चढलं तसा तो आला. काळसर, पंखांवर फिकट पट्टा, मागे इवल्या शेपट्या. बुंध्यावर नाही, नीलमच्या बरबटलेल्या मनगटावरच बसला! ऋता दारातून फोन घेऊन हळूहळू पुढे सरकली. नीलमनं हात हलवला नाही. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या होत्या.

"घासूनपुसून निघाले ना, की रडू येत नाही मला," ती म्हणाली. "या खेपेला नाही जमलं बघ."

"सॉरी, नीलम."

"गप गं. सुट्टीत येईन, असं तुला नाही म्हणणार मी. तू यायचंस. सामानात एक गादी जास्तीची बांधलीये. ह्यांनी विचारलं, कुणासाठी? म्हटलं, आभाची आहे."

 आभानं नीलमला तशीच, चिखलासकट, घट्ट मिठी मारली. राजा उडाला, ऋता "अगं, फोटो!" म्हणून ओरडली, पण या दोघींना कुठलं ऐकू यायला!