उतारावर न लागणारा दिवा

मी एका जुन्या टॅक्सीचा मागचा डावा दिवा बोलतोय. लाल काचेचा, ब्रेक दाबला की लागणारा. माझं तोंड कायम मागे. त्यामुळे गाडी कुठे चाललीय ते मला कधी कळलं नाही. कुठून आली, ते मात्र सगळं पाठ आहे.

पन्नासेक वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका कारखान्यात एका बाईने मला दोन स्क्रू पिळून गाडीला बसवलं. तिचे हात गार होते. मग बोट, मग आमच्या बेटावरच्या तुआमासिना बंदराचा धक्का, आणि घाट चढून राजधानीचं ताना शहर. पहिले मालक शाळामास्तर होते. रविवारी प्रार्थनेहून आले की रुमाल ओला करून माझी काच पुसायचे. मास्तर गेले आणि गाडी राझाफीकडे आली. त्याने तिला तानातल्या सगळ्या टॅक्सींसारखा सायीचा रंग दिला आणि छपरावर पाटी लावली.

माझा उजवा जोडीदार एका बैलाने शिंग मारून फोडला. तिथे आता दुसऱ्याच कुठल्या गाडीचा दिवा आहे, रंगाने जरा केशरी. आमचं फारसं बोलणं नाही.

मागे बघत राहिलं की माणसं कळतात. कुणी आपल्याकडे बघतंय हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं. कुणी गुणगुणतो, कुणी आपल्याशीच भांडतो, कुणी उगाच हसतो. मला सगळ्यांत जवळचे वाटतात हातगाडीवाले. ताना म्हणजे नुसते चढ आणि उतार. भरलेली हातगाडी उतारावरून आणताना माणूस दोन दांड्यांच्या मध्ये उभा राहून सगळा भार पाठीवर तोलतो. त्याच्या गाडीला ब्रेक नसतो. त्याच्या टाचा हाच ब्रेक. म्हणून तो पुढच्या गाडीच्या लाल दिव्यावरची नजर काढत नाही.

चर्चखालचा दगडी उतार लागला की आमचं इंजिन गप्प व्हायचं, आणि मलाही विसावा मिळायचा. राझाफी ब्रेक दाबतोय हे चाकांच्या कुरकुरीवरून कळायचं, पण माझ्यापर्यंत वीज यायची नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्या दिव्याला उतारावर सुट्टी द्यायची पद्धत असेल. वर्षानुवर्षं मी ती सुट्टी घेतली. आज त्याची लाज वाटते.

एका सकाळी सुलुफू विटांची हातगाडी घेऊन आमच्या मागे होता. तिशीचा, काटक, अनवाणी. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई अचानक आडवी आली. राझाफीने ब्रेक दाबला. चाकं कुरकुरली. मी काळोखात होतो.

सुलुफूची नजर माझ्यावरच होती. मी लागलो असतो तर त्याने टाचा रोवल्या असत्या. दांडी येऊन आमच्यावर आपटली, विटा घसरल्या, आणि त्याच्या पायाची दोन बोटं मोडली.

टॅक्सीच्या अड्ड्यावर लोक जमले. सुलुफू कठड्यावर बसून एकच वाक्य बोलत होता, "दिवा लागला नाही."

"लागला नाही कसा?" राझाफी म्हणाला. त्याने गाडी चालू केली, ब्रेक दाबला. "बघा सगळ्यांनी."

मी लख्ख लागलो. मला विझता आलं असतं तर विझलो असतो.

"सकाळी सकाळी घेतली असेल," एक ड्रायव्हर म्हणाला. दुसरा म्हणाला, "अरे, त्याला लाल रंगच दिसत नसेल. बायकोला विचारा, टोमॅटो कुठल्या रंगाचे आणतो." लोक हसले. राझाफी हसला नाही, पण काही बोललाही नाही.

ते बोलणं वीटभट्टीपर्यंत पोचलं. मुकादम म्हणाला, ज्याला पुढचा दिवा दिसत नाही त्याच्या हाती मी माल देणार नाही, पाय बरा झाला तरी नाही.

राझाफीची बायको लालाव अड्ड्याजवळ तांदळाचे मोफो, म्हणजे छोटे गोल गोडसर घावन, भाजते. सुलुफूची बायको शेजारीच भाजी घेऊन बसते. दोन दिवसांनी लालाव गाडीपाशी आली आणि माझ्यावर हात टेकून उभी राहिली.

"आज ती माझ्याशी बोलली नाही," ती म्हणाली. "मोफो दिला, तर पोट भरलंय म्हणाली. तिचं पोट कधीपासून भरायला लागलं?"

"मी काय करू? दिवा लागतो ना."

"मला नको सांगूस. बाकुलीकडे जा."

बाकुलीचं दुकान भातखाचरांच्या कडेला, पत्र्याखाली. गाड्यांच्या वायरिंगचं काम तिने बापाकडून घेतलं. चाळिशीची असेल. बोलते कमी, पण बोलली की सुई टोचल्यासारखं.

"काय होतंय, काका?"

"काही होत नाही. दिवा लागतो. सुलुफू म्हणतो लागत नाही."

"तो पितो?"

"नाही. चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर असतो."

"मग हे अड्ड्यावर का नाही बोललात?"

बाकुलीने माझी काच उघडली. आतला बल्ब कानाशी हलवून पाहिला; तार शाबूत होती. फ्यूज काढला, तोही धड होता, फक्त टोकं हिरवी पडलेली, ती घासली. दोन तारा जोडलेला छोटा बल्ब हातात घेऊन ती वायरीच्या वाटेने फिरली. जिथे टोक टेकवलं तिथे तो लागे. ब्रेकखालचं बटण दहादा दाबलं, दहादा ते चाललं.

"ब्रेक दाबताना किल्ली चालू असते ना?"

"म्हणजे काय. असणारच."

मग तिचं लक्ष गेलं की ब्रेक दाबला की शेजारचा वळणाचा दिवाही मिणमिणतो. "अर्थिंग गेलंय," ती म्हणाली. माझ्या मुळाशी गंज धरला होता. तिने तो खरवडून पत्रा उघडा केला, नवा स्क्रू पिळला. मी असा लागलो, की मास्तरांच्या वेळचे दिवस आठवले.

"हेच होतं," बाकुली म्हणाली. ती चुकली होती.

राझाफीने अड्ड्यावर सांगितलं, अर्थिंग खराब होतं, कधी लागत असेल, कधी नसेल. ड्रायव्हर म्हणाले, "म्हणजे तूही खरा, तोही खरा. मिटलं." राझाफीला ते सोयीचं वाटलं असावं. मुकादमाला मात्र कुणी काही सांगायला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उतार उतरताना मला सुलुफू दिसला. काठी घेऊन कठड्याशी उभा होता, आमचीच वाट बघत. आम्ही त्याच्यासमोरून गेलो. चाकं कुरकुरली. मी काळोखात होतो. त्याने आरडाओरडा केला नाही. काठी टेकत टेकत तो थेट बाकुलीकडे गेला.

पुढचं बाकुलीनेच नंतर राझाफीला ऐकवलं. सुलुफू म्हणाला, "बाई, तुमचा दिवा मेला."

"कालच जिवंत केला."

"उतारावर मेला. तुमच्या दुकानात सपाट आहे."

बाकुलीने हात पुसले, राझाफीला बोलावून घेतलं, आणि तिघं मला घेऊन चर्चपाशी आली. "काका, रोज जसे उतरता तसे उतरा. हळू. आम्ही मागून चालतो. मी हाक मारली की ब्रेक दाबून तसेच थांबा."

इंजिन गप्प झालं. गाडी घरंगळू लागली. माझ्यामागे ती दोघं, ती झपझप, तो लंगडत. "थांबा," बाकुली म्हणाली. गाडी थांबली. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होतो?

"पाय काढू नका, काका. हातही हलवू नका." ती पुढे गेली. दार उघडल्याचं ऐकू आलं. मग किल्लीचा बारीक आवाज झाला, आणि मी लागलो.

"लागला," सुलुफू म्हणाला.

किल्ली फिरली.

"गेला."

असं तीन वेळा झालं.

"काका, तुम्ही उतारावर किल्ली बंद करता."

"सगळेच करतात. पेट्रोल वाचतं," राझाफी म्हणाला, आणि मग त्याचा आवाज खाली आला. "तू विचारलंस तेव्हा खोटं नाही गं बोललो. हात आपला आपण करतो. मला ठाऊकच नाही."

"किल्ली बंद, की या दिव्याची वीज बंद." बाकुली रस्त्याकडेच्या पायरीवर बसली असावी, तिचा आवाज खालून आला. "माझा बापही असंच उतरायचा. मी त्याच्या शेजारी बसून वाढले. मलाही सुचलं नाही."

सुलुफू माझ्याकडेच बघत होता. "म्हणजे मला लाल दिसतं."

"दिसतं," राझाफी म्हणाला.

"हे अड्ड्यावर बोलाल?"

"बोलतो."

"दोन उपाय आहेत," बाकुली म्हणाली. "एक, किल्ली चालू ठेवा."

"दुसराच करा," सुलुफू म्हणाला. "त्यांचा हात ऐकायचा नाही."

तिने बॅटरीपासून थेट नवी वायर ओढली, तिला वेगळा फ्यूज दिला. आता किल्ली कुठेही असो, पाय पडला की मी लागतो.

राझाफी अड्ड्यावर बोलायला उभा राहिला तो आमच्या बेटावरच्या जुन्या रीतीने. आधी मोठ्यांची क्षमा मागितली, मग पूर्वजांची, मग आपण बोलायच्या योग्यतेचे नाही हे तीन प्रकारे सांगितलं. सुलुफू म्हणाला, "काका, पाय दुखतोय. मुद्द्यावर या."

लोक हसले. राझाफीही थोडा हसला. मग म्हणाला, "दिवा लागत नव्हता. किल्ली मी बंद करत होतो. याला दिसतं, आणि हा पीत नाही. पीत नाही हे मला त्या दिवशीही माहीत होतं. मी गप्प बसलो."

एका ड्रायव्हरने हळूच आपल्या गाडीत वाकून किल्लीकडे पाहिलं. राझाफीने सुलुफूला पुढच्या सीटवर बसवलं आणि भट्टीवर नेऊन मुकादमापुढे तेच पुन्हा सांगितलं, या वेळी थोडक्यात. पुढच्या आठवड्यात बाकुलीच्या पत्र्याखाली सायीच्या रंगाच्या सहा गाड्या उभ्या होत्या.

आता माझ्या काचेला तडा गेलाय. पाऊस आत येतो, बल्ब लवकर जातात. उतारावरची सुट्टी संपली, आणि ते बरं झालं. तुम्ही गाडी चालवत असाल तर एवढं करा: मागचा माणूस दिवा लागत नाही म्हणाला, तर आत बसून वाद घालू नका. उतरा, त्याच्या जागी जाऊन उभे राहा, आणि तिथून बघा.

आता जास्त बोलता येणार नाही. चर्च मागे पडलं, इंजिन गप्प झालंय. मागे सुलुफू आहे, हातगाडी काठोकाठ भरलेली, पाठ दांड्यांना टेकलेली. चाकं कुरकुरू लागली. मी लागलो. त्याने टाचा रोवल्या.